शिडाच्या बोटीवर हिवाळा काढायचा तर: नवख्यांसाठी पायरीवार तयारी

पुढचा प्रवास हिवाळ्याने अडवला आणि हवामान उघडेपर्यंत बोटीवरच राहायचं ठरलं, की सगळ्यांचं लक्ष आधी वाऱ्याकडे जातं. ते बरोबरच आहे. पण वाऱ्याची तयारी दोन दिवस नीट राबलं की उरकते आणि मग फक्त लक्ष ठेवावं लागतं. पहिल्याच हिवाळ्यात माणसं बोट सोडून जातात ती बहुतेक वेळा ओल्या गादीमुळे, भिंतींवरून ओघळणाऱ्या पाण्यामुळे आणि संपता न संपणाऱ्या वाट पाहण्यामुळे. म्हणून या लेखात दोरांइतकीच जागा हवेतल्या ओलाव्याला दिली आहे. क्रम मी जसा पाळतो तसाच ठेवला आहे. पहिल्या तीन पायऱ्या पहिला मोठा वारा येण्याआधी, शांत दिवशीच उरकून टाका.

पायरी १: जागा आणि परवानगी

जागा शोधताना सोयींची यादी नंतर बघा. आधी नकाशा काढा आणि हिवाळ्यात तिथे जोराचा वारा कोणत्या दिशेने येतो ते पाहा. त्या दिशेला बंदराच्या आत किती मोकळं पाणी आहे? वाऱ्याला लांबवर मोकळं पाणी मिळालं की बंदराच्या आतही लाटा उठतात, आणि दोर आणि फेंडर (बोट धक्क्यावर घासू नये म्हणून मध्ये लोंबवायच्या फुगीर गाद्या) खाऊन टाकतात त्या या छोट्या, सततच्या लाटाच.

तरंगत्या धक्क्याला पहिली पसंती द्या. तो भरती-ओहोटीबरोबर वरखाली होतो, त्यामुळे रात्री उठून दोर सैल-घट्ट करावे लागत नाहीत. मात्र तो ज्या खांबांना अडकवलेला असतो, त्यांची उंची पाहून घ्या. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी साधारण १ सेंटिमीटर वर येते. सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे ९७० हेक्टोपास्कलचं खोल वादळ डोक्यावर आलं तर नुसत्या दाबामुळे पाणी ४० सेंटिमीटरच्या आसपास चढतं. वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी त्यात मिळवा, शिवाय अमावास्या-पौर्णिमेचं उधाण मिळवा. खांब बुटके असतील तर धक्काच त्यांच्या वरून निसटू शकतो.

धक्क्याची बाजू निवडता येत असेल, तर वारा बोटीला धक्क्यापासून दूर ढकलेल अशी बाजू घ्या. चढता-उतरताना थोडा त्रास होतो, पण भार दोरांवर येतो, आणि दोर हा भार पेलायलाच असतात. वारा उलटा असेल तर सगळी बोट फेंडरवर दाबली जाते आणि रात्रभरात फेंडर फुटतात किंवा वर सरकून निसटतात.

बऱ्याच मरीनांमध्ये, म्हणजे खासगी बोटींच्या बंदरांत, बोट ठेवायला परवानगी असते, पण तिच्यावर राहायला वेगळी लागते. हे आधी विचारून लेखी घ्या. हिवाळ्यात धक्क्यावरचे नळ बंद करतात का, शौचटाकी रिकामी करण्याची सोय चालू राहते का, रात्री स्नानगृह उघडं असतं का, हेही विचारा. विम्याची कागदपत्रं काढून वाचा, कारण काही पॉलिसींमध्ये ठरावीक महिन्यांत बोट जमिनीवर असली पाहिजे अशी अट असते.

नांगर टाकून हिवाळी वादळं काढण्याचा विचार पहिल्या वर्षी करू नका. अगदीच नाइलाज झाला तर पाण्याच्या खोलीच्या किमान सातपट साखळी सोडा. भरतीची वाढ आणि बोटीच्या टोकाची पाण्यापासूनची उंची त्या खोलीत धरायची. साखळीची ओढ घ्यायला नायलॉनचा लांब दोर जोडा आणि नांगर सरकल्याचा इशारा देणारं यंत्र चालू ठेवा. पण झोप अशी लागणारच नाही.

पायरी २: दोर

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. २० नॉटला (१ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) मजेत बसलेली बोट ४० नॉटला चौपट ओढते. शिवाय थंड हवा जड असते: ० अंश सेल्सिअसची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा साधारण एक दशांशाने जास्त घन. म्हणून हिवाळ्यातले ३० नॉट उन्हाळ्यातल्या ३० नॉटपेक्षा जास्त ढकलतात.

पुढचा दोर, मागचा दोर आणि बोटीला पुढेमागे सरकू न देणाऱ्या दोन स्प्रिंग लाइन, एवढे तर हवेतच. वादळासाठी या चारही दोरांना जोड द्या. जोडीचा दोर पहिल्यापेक्षा किंचित सैल बांधा, म्हणजे पहिला ताणला गेल्यावरच दुसरा काम घेईल. दोन्ही दोर एकाच क्लीटवर (दोर अडकवायच्या खुंटीवर) लावले तर क्लीट उपटल्यावर दोन्ही जातात, म्हणून जिथे जमेल तिथे वेगळे क्लीट वापरा. क्लीटखाली, डेकच्या आतल्या बाजूला, भक्कम पट्टी आहे की नुसते वॉशर आहेत ते कपाट उघडून बघा.

दोराचा फासा धक्क्याकडे आणि मोकळं टोक बोटीवर ठेवा. मध्यरात्री दोर थोडा सोडायचा झाला तर निसरड्या धक्क्यावर उतरावं लागत नाही.

नायलॉन ताणतो आणि झटका गिळतो, म्हणून बांधायला तोच चांगला. भिजला की त्याची ताकद १०-१५ टक्क्यांनी कमी होते, तेव्हा जाडी निवडताना हात सैल सोडा. पण चांगला दोरही तुटतो, आणि तुटतो तो बहुतेक एकाच ठिकाणी: बोटीच्या कडेवरच्या, दोर बाहेर जातो त्या धातूच्या खाचेत. मोठ्या वाऱ्यानंतर ती जागा हाताने चाचपून बघा. आधी बोटांना बारीक लव लागते, तुटलेल्या तंतूंची. ती घासल्याची खूण. कधी कधी लव नसते, उलट दोर तिथे काचेसारखा कडक आणि चकचकीत लागतो. तिथे नायलॉन आतूनच वितळलेलं असतं: ताण-ढील, ताण-ढील होताना तंतू एकमेकांवर घासून तापतात. म्हणूनच रबरी नळी चढवून निश्चिंत होऊ नका. ती बाहेरचं घासणं थांबवते, पण आतली उष्णता आणि पाऊस दोन्ही अडवते. पॉलिएस्टरची विणलेली बाही जास्त चांगली, तिच्यातून पाणी झिरपतं आणि दोर गार राहतो. बाही जागची सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना सुतळीने शिवून टाका.

फेंडर आहेत त्याच्या दुप्पट लावा आणि बोटीच्या सर्वांत रुंद भागात दाट ठेवा.

पायरी ३: वर काही ठेवू नका

वाऱ्याला धरायला जे जे सापडेल ते उतरवा. सर्वांत आधी पुढचं गुंडाळलेलं शीड. ते गुंडाळून बांधलं म्हणजे झालं असं वाटतं, पण वाऱ्याने एक कोपरा सुटला की काही मिनिटांत अर्धं शीड उघडून फडफडू लागतं, आणि मग ते आवरायला माणूस पुढे जाऊच शकत नाही. शिडाच्या चिंध्या होतात, डोलकाठी हादरते, दोरांवरचा भार कुठल्या कुठे जातो. हे शीड शांत हवेतच उतरतं, म्हणून वादळाचा अंदाज यायच्या आधीच उतरवून, कोरडं करून, घडी घालून आत ठेवा.

कॉकपिटवरचं (सुकाणू धरून बसायच्या उघड्या जागेवरचं) कापडी छत, बाजूचे पडदे, डेकवरचे डबे, जीवरक्षक कडीचा सैल पट्टा, सायकल, सगळं आत किंवा जमिनीवर. शिडं चढवायचे दोर डोलकाठीपासून दूर ओढून बांधा. त्यांची ठकठक तुम्हाला झोपू देत नाही आणि शेजाऱ्यालाही.

पायरी ४: ओलावा

ही पायरी जरा सावकाश वाचा, कारण आराम आणि आजारपण यांतला फरक इथेच पडतो.

एक माणूस झोपेत श्वास आणि घाम मिळून पाव ते अर्धा लिटर पाणी हवेत सोडतो. दोघं असाल तर सकाळपर्यंत अर्ध्या लिटरहून जास्त. स्वयंपाकाची वाफ वेगळी. शिवाय गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो: १ किलो प्रोपेन जळला की त्यातून १.६ किलो पाण्याची वाफ निघते. हे सगळं एका छोट्या केबिनमध्ये.

२० अंशांची हवा एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरते, ५ अंशांची हवा जेमतेम ७ ग्रॅम. केबिनची उबदार, दमट हवा थंड भिंतीला लागली की जास्तीची वाफ तिथे थेंब होऊन बसते. थेंब आधी दिसतात ते काचांवर आणि हॅचच्या, म्हणजे छतातल्या झाकणवजा खिडकीच्या, धातूच्या चौकटीवर. तिथले पुसता येतात. त्रास देतात ते न दिसणारे: गादीच्या खालच्या बाजूचे, कपाटाच्या मागचे, पुस्तकांच्या फळीच्या तळाचे.

याच आकड्यांत उपायही आहे. बाहेर ५ अंश तापमान असेल आणि धुकं असेल, म्हणजे हवा पूर्ण ओली असेल, तरी ती आत घेऊन २० अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. बाहेरची ओली वाटणारी हवा आत आल्यावर कोरडी ठरते. म्हणून थंडीत सगळी भोकं बुजवून बसणं ही नवख्यांची सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत महागात पडणारी सवय. हवा आत येत राहू द्या आणि ती तापवत राहा, दोन्ही एकत्र. नुसतं तापवलं तर भिंती ओघळतात, नुसती हवा घेतली तर तुम्ही गारठता.

करायची कामं अशी. एक झरोका पुढे आणि एक मागे, पाऊस आत न येणारे, कायम उघडे. स्वयंपाक करताना वरची हॅच बोटभर उघडी आणि भांड्यावर झाकण. प्रेशर कुकर इथे दुहेरी कामाचा: वाफ आत कोंडून ठेवतो आणि गॅसही कमी लागतो. कपाटांची दारं दिवसा उघडी ठेवा. भिंतीला लागून काहीही गच्च भरू नका, बोटभर फट सोडा.

गादीखाली हवा खेळली पाहिजे. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा किंवा त्यासाठीच मिळणारी जाळीदार चटई घाला. रोज सकाळी उठल्या उठल्या गादी उभी करून ठेवा. हे एक काम चुकवायचं नाही. पहिल्या आठवड्यात एकदा मुद्दाम गादी उचलून फळीवर तळहात ठेवा. फळी गार आणि चिकट लागली, तर रात्रीच्या तुमच्याच श्वासाचं पाणी तिथे साचतंय.

हॅचच्या आतून पारदर्शक प्लास्टिकचा पडदा ताणून बसवला की मध्ये हवेचा थर राहतो आणि थेंब पडायचे थांबतात. मात्र बाहेर पडायच्या हॅचवर तो बसवू नका. डोक्याशी आणि पायाशी जिथे बोटीची उघडी भिंत येते, तिथे बंद छिद्रांच्या फोमची शीट कापून चिकटवा. उघड्या छिद्रांचा स्पंज लावलात तर तोच पाणी पिऊन बसेल.

किनाऱ्याची वीज असेल तर ओलावा शोषणारं यंत्र घ्या. कंप्रेसरवर चालणारी यंत्रं थंडीत मंदावतात. शोषक चकतीवर चालणारी यंत्रं शून्याच्या जवळही नीट चालतात आणि थोडी ऊबही देतात, म्हणून बोटीसाठी तीच बरी. यंत्र चालू असताना मात्र झरोके कमी करा, नाहीतर ते बाहेरचं आकाश कोरडं करत बसेल. आत ज्वाळा पेटलेली असेल तेव्हा झरोका बंद करायचाच नाही.

ही डोकेदुखी जुनी आहे. नॉर्वेचे फ्रिट्यॉफ नान्सेन १८९३ साली बर्फात अडकून वाहत जाण्याच्या बेतानेच ‘फ्राम’ जहाजावर निघाले. त्याआधीच्या ध्रुवीय मोहिमांत केबिनच्या भिंतींवर ओल गोठायची हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून राहण्याच्या खोल्यांना नमदा, बुचाचं लाकूड आणि रेनडिअरचे केस असे थरावर थर दिलेले होते. वीज होती ती डेकवरच्या पवनचक्कीची. आपल्याजवळ फोम आहे, इतकाच फरक.

पायरी ५: ऊब, आणि तिच्यातला धोका

गॅसची शेगडी पेटवून केबिन तापवायची नाही, कधीच नाही. ती ओलावा वाढवते हे वर आलंच. त्याहून वाईट म्हणजे ती हवेतला ऑक्सिजन खाते, आणि ज्वलन अपुरं झालं की कार्बन मोनॉक्साइड सोडते. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं ही लक्षणं, म्हणजे सर्दी-ताप किंवा बोट लागण्याचीच. बोटीवरच्या दोघांचंही डोकं एकाच वेळी दुखू लागलं आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर परत आत जाऊ नका. आधी ज्वाळा आणि इंजिन बंद, हॅच उघडी आणि डॉक्टरांना फोन.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बोटीवर हवाच. झोपायच्या जागेजवळ एक आणि हीटर असलेल्या जागेत एक. घरगुती अलार्म हलत्या, दमट जागेसाठी बनवलेले नसतात, म्हणून बोटी आणि कॅरॅव्हॅनसाठीच्या ईएन ५०२९१-२ या युरोपीय मानकाचा घ्या. शेजारच्या बोटीचं इंजिन किंवा जनरेटर चालू असेल तर त्याचा धूरही तुमच्या झरोक्यातून आत येऊ शकतो. अलार्म वाजला की ‘आपल्याकडे तर काही पेटलेलंच नाही’ म्हणून तो बंद करू नका.

चांगला पर्याय म्हणजे बाहेर धुराडं असलेला डिझेल हीटर. ज्वाळा बंद पेटीत, ज्वलनाचा धूर आणि त्यातलं पाणी दोन्ही बाहेर, केबिनला फक्त कोरडी गरम हवा. २ किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला पाव लिटरच्या आसपास डिझेल घेतो. पंखा आणि पंप मिळून चालू असताना फारशी वीज खात नाही, पण सुरू होताना आतली तापकांडी काही मिनिटं बॅटरीतून बराच प्रवाह ओढते. बॅटरी उतरलेली असेल तर हीटर नेमक्या त्याच क्षणी नाही म्हणतो. हा हीटर दिवसभर अगदी मंद ठेवला की आत काजळी धरते. रोज थोडा वेळ पूर्ण जोरात चालवा.

त्याच्या धुराची नळी कपाटातून जाते तिथे प्रत्येक जोड तपासा. नळीवरचं आवरण फाटलेलं नको आणि बाहेरच्या तोंडासमोर फेंडर नको. बोटीच्या बाजूने निघणारा हा धूर फेंडर सहज वितळवतो. वारा नेमका त्या तोंडात शिरत असेल तर ज्वाळा विझते किंवा धूर मागे येतो. असं होत असल्यास बोट उलट्या तोंडाने बांधा.

गॅस सिलिंडरबद्दल दोन गोष्टी. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होतच नाही, त्यामुळे गारठ्यात शेगडी मिणमिणते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो, म्हणून हिवाळ्यासाठी प्रोपेन, त्याला जुळणाऱ्या रेग्युलेटरसह. आणि दोन्ही वायू हवेपेक्षा जड आहेत. गळती झाली तर ते बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, साठतात आणि एका ठिणगीची वाट पाहतात. स्वयंपाक झाला की सिलिंडरची चावी बंद, प्रत्येक वेळी.

पायरी ६: वीज

किनाऱ्याच्या जोडणीतून किती वीज मिळते ते फलकावर वाचा. २३० व्होल्ट आणि १६ अँपिअरची जोडणी कागदावर सुमारे ३.७ किलोवॅट देते. प्रत्यक्षात २ किलोवॅटचा हीटर तासन् तास चालला की सर्वांत अशक्त जागा तापते, आणि ती असते मिठाच्या पाण्याने गंजलेला प्लग. जोर लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला बाहेरून हात लावा. कोमट चालेल. हात धरवत नसेल, प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा मासळीसारखा वास येत असेल, तर ताबडतोब भार काढा आणि प्लग बदला. हीटर मोठा एकच घेण्यापेक्षा ५००-७०० वॅटचे तेलभरले दोन घ्या. पंख्याचा हीटर चालू ठेवून झोपू नका आणि बोट सोडून जाऊही नका.

केबल पाण्यात लोंबकळू देऊ नका. जोडणीवर गळतीला वीज तोडणारा स्विच आहे याची खात्री करा आणि त्याचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबा. महिनोन् महिने किनाऱ्याच्या विजेला जोडलेल्या बोटीचे, पाण्याखालच्या धातूची झीज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे भराभर झिजतात, कारण अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी परिपथ पूर्ण होतो. त्या तारेतला हा बारीक प्रवाह अडवणारा गॅल्व्हानिक आयसोलेटर हा त्यावरचा उपाय.

बॅटरी शिसे-आम्लाची असेल तर ती भरलेली ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी कुठल्याही नेहमीच्या थंडीत गोठत नाही, पूर्ण उतरलेली उणे ७-८ अंशांनाच गोठून फुटू शकते. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर ० अंशांखाली ती चार्ज करायची नाही. आत धातूरूप लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची बिघडते. तिच्या संरक्षक यंत्रणेत थंडीचा कट-ऑफ आहे का, हे पाहून घ्या.

पायरी ७: गोठणारं पाणी

पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि त्याला जागा नसेल तर पाईप, पंप, इंजिनचा कूलर, काहीही फोडतं. तुम्ही बोटीवर राहताय आणि हीटर चालू आहे तोवर केबिनमधल्या नळ्या बहुधा वाचतात. कॉकपिटखालचं इंजिन आणि लांबच्या कपाटातले पाईप वाचतीलच असं नाही. दोन दिवस बाहेर जायचं झालं तरी इंजिनच्या समुद्रपाण्याच्या वाटेत प्रोपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ ओढून घ्या. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत अजिबात नको.

समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या सुमाराला गोठतं, त्यामुळे खाऱ्या बंदरात बोटीचा पाण्याखालचा भाग सहसा सुरक्षित असतो. नदीच्या मुखाशी मात्र वरचा गोड्या पाण्याचा थर शून्यालाच गोठतो.

बोटीच्या तळाच्या गोल चेंडूच्या व्हॉल्व्हमध्ये बंद स्थितीत थोडं पाणी अडकून राहतं आणि ते गोठलं की व्हॉल्व्हचं अंग तडकतं. तडक बर्फ असेपर्यंत दिसत नाही. बर्फ वितळल्यावर बोट भरायला लागते. कडक थंडीत त्या कपाटांची दारं उघडी ठेवा म्हणजे केबिनची ऊब तिथवर पोचेल.

बर्फ पडला तर तो रोज काढा, प्लास्टिकच्या फावड्याने. ताजा भुसभुशीत बर्फ हलका असतो, पण त्यावर पाऊस पडला की वजन तिपटीने सहज वाढतं. कॉकपिटची पाणी जायची भोकं बर्फाने बुजली तर कॉकपिट हौद होतो, मागचा भाग बसतो, आणि एरवी पाण्यावर असलेली एखादी नळी पाण्याखाली जाते. धक्क्याला नीट बांधलेल्या बोटी अशाच बुडतात.

पायरी ८: बोट आणि धक्का यांमधलं एक पाऊल

हिवाळ्यात बोटीवर राहणाऱ्याचा सर्वांत धोक्याचा क्षण वादळातला नसतो. रात्री स्नानगृहातून परतताना, हातात पिशवी, पायाखाली दंव, आजूबाजूला कोणी नाही, तेव्हा तो येतो. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही, धाप लागते आणि तेवढ्यात तोंडात पाणी जातं. त्यानंतर साधारण १० मिनिटं हातपाय उपयोगाचे असतात. शरीर धोकादायक थंड व्हायला त्यानंतर बराच वेळ, तासभरही लागू शकतो. पण त्याआधीच बोटं इतकी बधिर होतात की उंच धक्क्यावर चढता येत नाही.

म्हणून आपोआप फुगणारं लाइफजॅकेट धक्क्यावर चालतानाही घाला. बोटीची शिडी पाण्यातून हाताने खाली ओढता येते का, हे बघा. येत नसेल तर तिला एक दोर बांधून पाण्याच्या पातळीपर्यंत लोंबता ठेवा. धक्क्यावरच्या शिड्या कुठे आहेत ते दिवसा पाहून ठेवा. एक हात नेहमी मोकळा, सामान पाठीवर. पडलात तर आधी पोहू नका. पाठीवर तरंगत श्वास जागेवर येऊ द्या, मग शिडीकडे.

पायरी ९: वादळाची रात्र

दाबमापक स्वतः पाहायची सवय लावा आणि दर तीन तासांनी आकडा लिहा. तीन तासांत ३.६ ते ६ हेक्टोपास्कलची घसरण झाली तर सागरी हवामानाच्या भाषेत ती वेगाने घसरण, ६ च्या वर गेली तर अतिवेगाने. अशा घसरणीनंतर झोपायची तयारी कपडे घालूनच करा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात तर कमी दाबाचं केंद्र डाव्या हाताला असतं, दक्षिण गोलार्धात उजव्या. शीत आघाडी, म्हणजे पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड, ओलांडून गेली की दाब चढायला लागतो, आकाश उघडतं आणि नवख्याला वाटतं संपलं. बऱ्याचदा सर्वांत जोराचे झोत त्यानंतरच, दिशा बदलून येतात. म्हणून दोर फक्त पहिल्या दिशेच्या हिशेबाने बांधू नका.

संध्याकाळी उजेड असताना एकदा सगळं फिरून बघा. गरम पाणी थर्मासमध्ये भरा, जेवण लवकर करा, गॅस बंद करा. डोक्याचा दिवा, चाकू, जादा दोर आणि फोन एका जागी. शेजारी कोण राहतंय ते माहीत असू द्या आणि एकमेकांना नंबर द्या. रात्री बाहेर जायचंच झालं तर बोटीतल्या दुसऱ्याला उठवून जा. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभे राहू नका, तो तुटला तर चाबकासारखा मागे येतो. बोट आणि धक्का यांच्यात हात-पाय घालून बोट आवरायचा प्रयत्न तर मुळीच नको.

किती अंदाज आला की बोट सोडून जमिनीवर झोपायचं, हा आकडा शांत दिवशी ठरवून कागदावर लिहून ठेवा. माझ्या मते पहिल्या हिवाळ्यात वाऱ्याच्या बोफोर्ट मापनीवर १०, म्हणजे ४८ नॉटपासून पुढे, एवढं पुरेसं कारण आहे. दोर नीट बांधले असतील तर तुमच्या आत बसण्याने बोटीला फार काही मिळत नाही. बोट वस्तू आहे, तिचा विमा आहे.

पायरी १०: मधले दिवस

वादळ दोन दिवसांचं आणि वाट पाहणं तीन आठवड्यांचं, असं हिवाळ्याचं गणित असतं. ६० उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीला दिवस सहा तासांपेक्षाही कमी, ५० अक्षांशावर आठ तासांचा. अंधार माणसाला पोखरतो. उजेड असताना रोज बाहेर पडा, पाऊस असला तरी. दिवसाला एक दुरुस्तीचं काम ठरवा, दोन नकोत. ओले कपडे केबिनमध्ये वाळत घालू नका, किनाऱ्यावरच्या वाळवणी यंत्रात टाका. बाहेरून आल्यावर ओले बूट आणि कोट उतरवायची एकच जागा ठेवा, पायऱ्यांच्या पायथ्याशी, आणि तिच्यापलीकडे ओलं काही न्यायचं नाही. दोघं राहत असाल तर रोज तासभर तरी एकाने बाहेर असावं. एवढ्याशा जागेत प्रेम टिकवायला हे लागतं, आणि हे मी मनापासून सांगतो.

पायरी ११: निघायची वेळ ओळखणं

बोटींचं सर्वांत जास्त नुकसान करते ती ठरलेली तारीख. कोणाला तरी अमुक दिवशी भेटायचं कबूल केलेलं असतं, रजा संपत असते, आणि मग अर्धवट उघडलेलं हवामान पुरेसं वाटू लागतं. लोकांना सांगताना एक तर जागा सांगा किंवा तारीख, दोन्ही सांगू नका.

अंदाज पाहताना हवामानाची किमान दोन स्वतंत्र संगणकी प्रतिमानं बघा, उदाहरणार्थ युरोपीय ईसीएमडब्ल्यूएफ आणि अमेरिकी जीएफएस. दोन्ही एकमत होत नसतील तर तीच बातमी: अजून थांबा. अंदाजातला वेग सरासरी असतो, झोत त्याच्या ४० टक्क्यांपर्यंत वर जाऊ शकतात. वारा पडला तरी लाटा एक-दोन दिवस उरतात. बंदराच्या तोंडाशी उथळ पाणी असेल आणि ओहोटीचा प्रवाह त्या लाटांना सामोरा जात असेल, तर तिथे लाटा उभ्या राहून फुटतात. तेव्हा तोंड ओलांडायची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवा. आणि सगळा टप्पा उजेडात संपेल एवढाच धरा.

निघण्याच्या आदल्या दिवशी जे जे बंद केलं, उतरवलं, बांधलं ते उलट क्रमाने सोडवा. बंद केलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हची खूण म्हणून इंजिनच्या चावीला चिठ्ठी अडकवलेली असेल तर हे सोपं जातं. इंजिन अर्धा तास धक्क्यालाच चालवा आणि मागून पाणी पडतंय ते डोळ्यांनी बघा. टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी फिल्टरच्या काचेत दिसतंय का तेही बघा, कारण हिवाळाभर अर्धी रिकामी राहिलेली टाकी आतून घाम धरते, आणि पहिल्या लाटेला ते पाणी ढवळून इंजिनपर्यंत पोचतं. पहिला टप्पा छोटा ठेवा, परत फिरता येईल असा, आणि धक्क्यावरची जागा तुम्ही पुढच्या बंदरात पोचेपर्यंत सोडू नका.